पुदिना वाळतो, कोथिंबीर रुसते

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की पुदिना, कोथिंबीर, बेसिल अशा वासाच्या पानांच्या झाडांचे शेंडे खुडत राहा, म्हणजे झाड पसरेल. तुम्ही ऐकलंत. आता टपालात सगळ्यांची एकच तक्रार आहे: ‘खुडलं, झाड दुप्पट झालं, आता या ढिगाचं काय करू?’ सल्ला माझा, तेव्हा निस्तरायलाही मलाच हवं. या वेळी म्हणून सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतली आहेत: खुडलेली पानं टिकवायची कशी. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात देते आहे.

प्रश्न : ताई, पुदिन्याच्या जुड्या बांधून पाच दिवस टांगल्या. पानं कुरकुरीत लागली, म्हणून काड्यांसकट घट्ट झाकणाच्या बरणीत भरल्या. बारा दिवसांनी उघडलं तर कुबट वास आणि पांढरी बुरशी. काय चुकलं?

उत्तर : ‘काड्यांसकट’ या एका शब्दात तुमचं उत्तर आहे. पान पातळ, ते पटकन वाळतं. काडी जाड, तिच्या पोटात ओल राहून जाते. झाकण लागलं की ती ओल आतल्या आत पानांत पसरते आणि दोन-तीन दिवसांत अख्खी बरणी सादळते. बुरशीला आणखी काय हवं असतं?

परीक्षा पानाची घेऊ नका, काडीची घ्या. वाकवल्यावर ती कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर जुडी पुन्हा दोरीवर. मोडली, की पानं ओरबाडून घ्या आणि काड्या टाकून द्या. पानांचा चुरा मात्र करू नका, अख्खीच भरा. आणि भरून झाल्यावर काम संपलं असं समजू नका. पुढचा आठवडाभर रोज एकदा बरणी उजेडात धरून बघा. काचेला आतून दव धरलेलं दिसलं, तर सगळं बाहेर काढून परत वाळवायचं. बरणीत डोकावायची ही सवय मला तीन बरण्या वाया गेल्यावर लागली. पहिल्या बरणीच्या वेळी मी वरची बुरशी आलेली पानं काढून ‘खालची तर चांगली दिसतात’ अशी स्वतःची समजूत घालत बसले होते. चांगली दिसतातच ती. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसायच्या आधीच आतवर गेलेले असतात. तुम्हीही निवडत बसू नका, सगळं फेका.

आता थोडं टांगण्याबद्दल. जुडी आठ-दहा काड्यांचीच करा. जाड जुडीच्या मधल्या पानांना वारा मिळत नाही, ती काळी पडतात. आणि दोऱ्याऐवजी रबरबँड वापरा. वाळताना काड्या आकसतात, दोरा सैल होतो आणि एका सकाळी जुडी जमिनीवर सापडते. रबर काड्यांबरोबर आकसत जातं.

धुण्याचं म्हणाल, तर मी तोडल्यावर धुतच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडावरच पाण्याचा हलका फवारा मारते, म्हणजे धूळ जाते. दुसऱ्या दिवशी दव सुकलं की ऊन तापायच्या आत कापते. तोडल्यावर धुवायचीच असतील, तर धुऊन सुती कापडावर एकेक काडी सुटी पसरा आणि वरचं पाणी पूर्ण गेल्यावरच बांधा. हवा दमट असेल त्या दिवसांत टांगूच नका. पंधरा दिवस लोंबकळत राहतील आणि वास मात्र निघून जाईल. तेव्हा वाळवणी यंत्र किंवा फ्रीजर.

प्रश्न : मी आठवीत आहे. पुदिन्याच्या झाडाजवळ नुसतं उभं राहिलं तर फारसा वास येत नाही, पण पान चोळलं की लगेच येतो. असं का?

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे अशा प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणं मला जमत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि पुदिन्याच्या पानाची खालची बाजू उजेडात बघ. बारीक चमकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या आहेत, पानाच्या कातडीवर बाहेरच्या बाजूला बसवलेल्या. सगळा वास त्यांत असतो. तू पान चोळतोस तेव्हा त्या फुटतात, तेल उघड्यावर येतं आणि हवेत उडून तुझ्या नाकापर्यंत पोचतं. तुळस, ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी, सेज ही सगळी पुदिन्याच्याच कुळातली. सगळ्यांची हीच तऱ्हा.

आता हे भिंग आईच्या हातात दे आणि तिला सांग, की वाळलेली पानं बरणीत भरताना चुरायची नाहीत ती याचसाठी. चुरा केला की पिशव्या फुटतात आणि वास खायच्या आधीच उडून जातो. पान अख्खं ठेवायचं आणि भांड्यावर धरून तळहातात चोळायचं.

प्रश्न : बाई, तुमचा जुना विद्यार्थी. पुदिना तुम्ही सांगता तसा छान वाळला. त्याच पद्धतीने कोथिंबीर वाळवली, तर रंग राहिला पण चव गवताची. माझं काय चुकलं?

उत्तर : तुझं काही चुकलेलं नाही, कोथिंबीर तशीच आहे. ती रुसते.

आकडे बघ, वर्गात बसल्यासारखे. १०० ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत सुमारे ९२ ग्रॅम पाणी असतं. बेसिलमध्ये तितकंच. रोझमेरीत सुमारे ६८ आणि थाइममध्ये ६५. म्हणजे थाइमचं पान मुळातच अर्धं वाळलेलं असतं, त्याला थोडंच पाणी सोडायचं असतं. कोथिंबिरीला जवळजवळ सगळंच सोडावं लागतं.

पण पाणी हे अर्धंच कारण. दुसरं कारण वासाच्या जातीत आहे. थाइममधला मुख्य वास थायमॉलचा, जो ओव्यातही असतो. तो जड, चिवट, सहजासहजी न उडणारा. पुदिन्याचा वासही बऱ्यापैकी टिकतो, म्हणून पान नाजूक असूनही पुदिना वाळवणीत पास होतो. कोथिंबिरीच्या पानाचा वास मात्र ॲल्डिहाइड गटातल्या पदार्थांचा. ते वाळताना उडतात, हवेने बदलतात, आणि मागे उरतं ते हिरवं गवत. (हेच ॲल्डिहाइड काही माणसांना साबणासारखे लागतात. त्यांना कोथिंबीर आवडत नाही, याला नखरा म्हणू नये. त्यात जनुकांचाही हात आहे.)

तेव्हा कोथिंबीर, पार्स्ली, चाइव्ह्ज आणि बेसिल यांच्यासाठी दोरी विसरायची आणि बर्फाचा ट्रे काढायचा. पानं धुऊन, पूर्ण कोरडी करून, बारीक चिरून ट्रेच्या खणांत दाबून भर. वरून पानं बुडतील इतकंच पाणी घाल. गोठल्यावर खडे काढून जाड पिशवीत टाक, पिशवीतली हवा दाबून काढ आणि वर तारीख लिही. तारीख लिहायला माझ्यासारखा कंटाळा करू नकोस. माझ्या फ्रीजरमध्ये एक हिरवी पिशवी आहे, ती पार्स्ली की शेपू यावर घरात अजून एकमत नाही.

गोठवलेलं पान वर पेरून सजवायला चालणार नाही, हे आधीच सांगते. पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात, पेशीच्या भिंती फाटतात आणि वितळल्यावर पान चिंधीसारखं गळतं. वास बराच राहतो, ताठपणा जातो. म्हणून खडा वितळवत बसू नकोस. भांडं उतरवायच्या दोन मिनिटं आधी गोठलेलाच आत सोड. चार ते सहा महिन्यांत संपव.

आठवड्याभराचाच प्रश्न असेल तर फ्रीजरचीही गरज नाही. काड्यांची टोकं तिरकी कापून पेल्यात बोटभर पाण्यात उभ्या कर, पानांवर प्लास्टिकची पिशवी सैल पांघर आणि पेला फ्रीजमध्ये ठेव. पाणी दोन दिवसांनी बदल. शेजारी सफरचंद किंवा पिकलं केळं ठेवू नकोस. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात, त्याने पानं पिवळी पडतात.

आणि थोडी कोथिंबीर फुलू दे. पान गेलं तरी धणे मिळतात. बी तपकिरी व्हायला लागलं की दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांग. धणे आपोआप पिशवीत गळतात. त्यांचा वास पानांपेक्षा अगदी वेगळा, पण वर्षभर टिकणारा.

प्रश्न : बेसिलची जुडी तुम्ही सांगता तशी पेल्यात उभी करून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पानं काळी! पुदिना शेजारीच होता, तो मात्र हिरवागार.

उत्तर : बेसिलला थंडी सोसत नाही. साधारण १० अंशांच्या खाली त्याच्या पेशी इजा झाल्यासारख्या वागतात आणि पान काळं पडतं. फ्रीज असतो चार-पाच अंशांवर. पेला ओट्यावरच ठेवा, थेट ऊन न येईल अशा जागी. तिथे ते फुलदाणीतल्या फुलांसारखं राहील, आणि नशीब असेल तर मुळंही फुटतील.

जास्त दिवस ठेवायचं तर पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पान काळं करणारं एन्झाइम या चटक्याने निकामी होतं. मग घट्ट पिळून थोड्या तेलाबरोबर वाटा आणि ट्रेमध्ये गोठवा. चटका न देताही गोठवता येतं, रंग मात्र शेवाळी होतो. मला त्याचं काही वाटत नाही, शिजलेल्या पदार्थात कोण बघतंय?

प्रश्न : तुम्ही नेहमी सावलीत वाळवा म्हणता. माझी आजी सगळं कडकडीत उन्हात वाळवायची आणि ते वर्षभर टिकायचं. तुमचं आपलं पुस्तकी.

उत्तर : आजींशी माझं भांडण नाही. टिकण्याचं म्हणाल, तर उन्हात वाळवलेलं उत्तम टिकतं. ज्या जिनसांचा गर किंवा दाणा आपण खातो, त्यांना ऊनच लागतं. पण या पानांत आपण खातो काय? वास. उन्हाने पानाचा रंग उडतो आणि वरच्या त्या नाजूक पिशव्यांतलं तेल तापून निघून जातं. टिकतं, पण काय टिकतं?

पुस्तकी म्हणालात म्हणून एक प्रयोग सुचवते. ओरेगॅनोची एकच जुडी अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत वाळवा. महिन्याने घरातल्या कुणाला तरी डोळे मिटायला लावून दोन्ही हुंगायला द्या. निकाल माझ्याविरुद्ध लागला तर कळवा, पुढच्या अंकात छापेन.

प्रश्न : ताई, रोझमेरीच्या ताज्या काड्या आणि लसणाच्या पाकळ्या ऑलिव्ह तेलात घालून सुंदर बाटल्या भरल्या आहेत. ओट्यावर ओळीने मांडल्यात, फार छान दिसतात. महिन्याने मैत्रिणींना भेट द्यायच्या आहेत. बाटलीवर किती महिन्यांची मुदत लिहू?

उत्तर : मुदत लिहू नका. बाटल्या देऊ नका आणि स्वतःही वापरू नका. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. पण आज आलेल्या सगळ्या पत्रांत जिवाशी गाठ असलेलं पत्र हे एकच आहे, म्हणून थोडी कडक लिहिते.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, लसणावर, पानांवर, मुळांवर असू शकतात. एरवी ते आपलं काही वाकडं करत नाहीत, कारण या जिवाणूला प्राणवायू चालत नाही. उघड्यावर बीजाणू नुसते झोपून असतात. आपण त्यांना तेलात बुडवतो, तेव्हा प्राणवायू तोडतो. लसणाच्या पाकळीत आणि ताज्या पानात पाणी असतंच. आंबटपणा नाही, आणि ओट्यावर ऊबही आहे. त्याला जे जे हवं ते सगळं आपणच मांडून ठेवलं. तो जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो. ते अगदी थोडं पोटात गेलं तरी पुरतं. आणि बाटली? तेल स्वच्छ राहू शकतं, वास बिघडत नाही, चवही बिघडत नाही. चाखून बघण्याचा आपला नेहमीचा उपाय इथे सगळ्यात धोक्याचा.

ही नुसती भीती घालत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात तेलातला चिरलेला लसूण फ्रीजबाहेर ठेवला होता, तो पोटात जाऊन ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाने होणारा आजार, झाला. डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं, ही त्याची लक्षणं. असं काही दिसलं तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय.

‘मग तेल गरम करून ओतलं तर?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. साध्या उकळीच्या तापमानाला हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि घरी तेलाच्या बाटलीशी हा खेळ करायचा नसतो.

तेलाचा हट्टच असेल तर दोन रस्ते आहेत. लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. उरलं तर ओतून द्या. नाहीतर पानं तेलात वाटून लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठलेल्या अवस्थेत हा जिवाणू वाढत नाही. खडा फ्रीजरमधून थेट गरम भांड्यात जाऊ द्या, ओट्यावर वितळत ठेवू नका.

मैत्रिणींना द्यायला वाळवलेली रोझमेरी काचेच्या नळीत भरा. तीही दिसते सुंदर. बाटल्यांतलं तेल ओतून देताना जिवावर येईल, मला कल्पना आहे. हे कळायच्या आधी मी स्वतः अशा बाटल्या वर्षानुवर्षं खिडकीत मांडल्या होत्या. तेव्हा काही झालं नाही, ते केवळ सुदैव.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये वाळवलं तर चालतं का? आणि ओव्हनमध्ये?

उत्तर : मायक्रोवेव्हमध्ये चालतं, पण मूठभरच. अगदी कोरडी पानं कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये एका थरात पसरा. आधी एक मिनिट, मग वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी, प्रत्येक वेळी उघडून बघत. यंत्रासमोरून हलू नका. वाळलेलं पान पुढे तापत राहिलं तर जळतं, कागदासकट पेट घेऊ शकतं. मी एकदा फोन घ्यायला गेले होते. घरात तीन दिवस करपलेल्या सेजचा वास होता, आणि फोन चुकीच्या नंबरचा निघाला.

ओव्हनबद्दल मी फारशी उत्साही नाही. पानांना हवेत ३५ ते ४५ अंश, आणि बहुतेक ओव्हन सुरूच होतात त्याच्या वर. त्या उष्णतेत पान वाळतं खरं, पण स्वयंपाकघर सुगंधाने भरून जातं. तो सुगंध बरणीत जायला हवा होता, तो तुम्ही हुंगून संपवला! वाळवणी यंत्र असेल तर ते सगळ्यात बरं. ४० अंशांच्या आसपास लावा आणि तासाभराने बघायला सुरुवात करा. एक ते चार तासांत काम होतं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वीचा वाळवलेला ओरेगॅनो सापडला. खाऊन अपाय होईल का?

उत्तर : कोरडा असेल, कीड-बुरशी नसेल तर अपाय नाही. चिमूटभर तळहातावर चोळा. वास आला तर वापरा. नाही आला, तर तुम्ही हिरव्या रंगाची धूळ जपून ठेवली आहे. अख्खी पानं, काचेची बरणी, अंधारं कपाट असं असेल तर साधारण वर्षभर चांगला वास राहतो. गॅसच्या वरच्या फळीवर मसाल्यांच्या शेजारी बरणी ठेवाल तर वाफ आणि उष्णता ते सहा महिन्यांवर आणतात.

प्रश्न : फ्रीजर लहान आहे आणि वाळवायला जागा नाही. मिठात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवतात म्हणे. ते कसं?

उत्तर : मीठ आधी सांगते, कारण ते माझं लाडकं आहे. कोरडी पानं बारीक चिरा. वजनाने चार भाग पानं आणि एक भाग मीठ घेऊन हाताने मिसळा, काचेच्या बरणीत दाबून भरा, फ्रीजच्या खालच्या फळीवर ठेवा. मीठ पानांतलं पाणी ओढून घेतं आणि सगळं खारट ओलसर मिश्रण होतं. ते काही महिने टिकतं. पार्स्ली, सेलरी, चाइव्ह्ज, थाइम यांचं मिश्रण झकास होतं. चमचाभर सूपमध्ये टाका, पण मग सूपमध्ये वेगळं मीठ घालू नका. हे मी दरवेळी लिहिते आणि दरवेळी कुणाचं तरी सूप खारट झाल्याचं पत्र येतं.

व्हिनेगरची गोष्ट तेलाच्या उलट. तेलात आंबटपणा नव्हता, इथे तोच राखण करतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. पीएच ४.६ च्या खाली मघाचा तो जिवाणू वाढूच शकत नाही, आणि व्हिनेगर त्याच्या कितीतरी खाली असतं. पाच टक्के आम्लतेचं घ्या, बाटलीवर लिहिलेलं असतं. बाटली दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून काढा. धुऊन कोरड्या केलेल्या तीन-चार काड्या आत सोडा आणि उकळी फुटायच्या जरा आधीचं गरम व्हिनेगर वरून ओता. तीन-चार आठवडे अंधारात राहू द्या. मग गाळून काड्या फेकून द्या. त्या फिकट आणि कळकट झालेल्या असतात, सगळं व्हिनेगरला देऊन बसलेल्या. झाकण धातूचं नको, गंजतं. टॅरागॉन यासाठी सगळ्यात चांगलं. वाळवल्यावर फिकं पडणारं हे झाड व्हिनेगरमध्ये खुलतं.

प्रश्न : पंधरा दिवसांत घर बदलतोय, लांब. कुंड्या नेता येणार नाहीत. रोझमेरी, थाइम, पुदिना, बेसिल, शेपू, कोथिंबीर सगळं भरभरून आहे. एकटाच आहे, सामानही बांधायचंय. कुठून सुरुवात करू?

उत्तर : जे दगा देतं ते शेवटी आणि ज्याला वेळ लागतो ते आधी.

आजच रोझमेरी आणि थाइम कापून टांगा. या दोघांना एक ते दोन आठवडे लागतात, निघायच्या दिवशी बरोबर वाळलेली मिळतील. एरवी मी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू देत नाही. पण कुंड्या कुणी नेणार नसेल तर मोकळ्या हाताने कापा. नेणार असेल तर झाडाची लाज राखा. दोन दिवसांनी पुदिना टांगा. बेसिलचे तुरे दिसतील तसे खुडत राहा. फुलावर गेलं की पानांचा वास उतरतो.

शेपू आणि कोथिंबीर गोठवून ती प्रवासात वितळू द्यायची, यात अर्थ नाही. लांबच्या प्रवासाला फ्रीजरचा माल नेऊच नका. जाईपर्यंत भरपूर खा, उरलेलं शेजाऱ्यांना द्या. शेपूला बी धरलं असेल तर ते मात्र घ्या, कागदी पाकिटात मावतं. बेसिलची पानं मीठ घालून छोट्या बरणीत भरता येतील, पण फ्रीज बंद व्हायच्या आधी संपतील एवढीच.

वाळवलेलं न्यायला पिशव्या नकोत, सामानाखाली पानांचा भुगा होतो. काचेच्या लहान बरण्या मोज्यांत गुंडाळा. मोजे तसेही न्यायचेच आहेत.

आणि झाडं नेता येत नाहीत, हे मला तितकंसं पटलेलं नाही. रोझमेरीच्या न फुललेल्या, वीतभर लांब कोवळ्या फांद्या पाच-सहा घ्या, खालची पानं काढा, टोकांना ओला कागदी रुमाल आणि त्यावर पिशवी गुंडाळा. दोन दिवस सहज निघतात. पोचल्यावर वाळू मिसळलेल्या ओलसर मातीत खोचा. सगळ्या जगणार नाहीत, दोन जगल्या तरी पुष्कळ. थाइमची आडवी पसरलेली एखादी फांदी बघा, मातीला टेकून तिला खालून मुळं फुटलेली असतील. तेवढा तुकडा मातीसकट उचला.

पुदिन्याची तर काळजीच नको. जमिनीखालून धावणाऱ्या त्याच्या खोडाचा बोटभर तुकडा, ज्याला एक तरी पेर असेल, ओल्या कागदात गुंडाळून खिशात टाका. नव्या घरी त्याला वेगळी कुंडी द्या, एकट्याची. बाकीच्यांबरोबर लावलात तर वर्षभराने मला पुन्हा पत्र लिहाल, आणि त्यात तक्रार पुदिन्याचीच असेल.